उलट सौदा : बार्शीच्या गाठीपासून कोटीच्या फंडापर्यंत

मुंबईच्या कापूसबाजारात एके काळी प्रत्येक मुलखाच्या कापसाची पायरी ठरलेली असे. भडोचचा कापूस वर, ‘बंगाल’ नावाचा आखूड धाग्याचा खाली, आणि मध्ये ‘ऊमरा’ नावाचा भलामोठा गट. उमरावतीवरून हे नाव पडलेलं. पण त्यात वऱ्हाड-खानदेशच्या जोडीला ‘बार्शी-नगर’ असाही एक वर्ग होता. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला बार्शी नकाशावर दाखवता आली नसती. तिथल्या गाठीला भडोचच्या मानाने किती कमी द्यायचे, हे मात्र त्याला पक्कं कळत होतं.

सोलापुरात आज वाणिज्य शाखेची, सीएची, एमबीएची मुलं ‘पर्यायी गुंतवणूक’ हा विषय शिकतात. सेबीच्या एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षांतही तो आहे. हेज फंडाचं प्रकरण उघडलं की इतिहास हमखास १९४९ च्या न्यूयॉर्कपासून सुरू होतो. त्यात चूक काही नाही. पण ज्या युक्तीवर हे फंड उभे आहेत ती, म्हणजे एक सौदा केला की त्याच्या पोटात उलटा सौदा करून ठेवायचा, ही बार्शीच्या अडत्यांना त्याआधीच अंगवळणी पडलेली होती. युक्ती तीच राहिली. ती वापरायची मुभा कुणाला आणि मनाई कुणाला, हे मात्र दर पिढीत बदलत गेलं. मला या मागोव्यात रस आहे तो त्यासाठी.

आधी न्यूयॉर्कचं उरकून घेऊ. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स हा मूळचा समाजशास्त्रज्ञ. ‘फॉर्च्युन’ मासिकासाठी त्याने शेअरबाजाराचे अंदाज वर्तवणाऱ्यांवर एक लेख लिहिला आणि त्याच वर्षी, १९४९ मध्ये, एक लाख डॉलर जमवून स्वतःच भागीदारी फंड काढला. त्यातले चाळीस हजार त्याचे स्वतःचे होते. बाजार वर जाणार की खाली हे कुणालाच सांगता येत नाही, हे त्याने गृहीत धरलं. मग चांगले वाटणारे शेअर विकत घ्यायचे आणि डबघाईला येतील असे वाटणारे शेअर उसने घेऊन आधीच विकून टाकायचे. समजा शंभर रुपये भांडवल आहे. थोडं कर्ज काढून १३० चे घेतले, ७० चे उसने घेऊन विकले, तर बाजाराच्या लाटेवर आपले खरे ६० च उरतात. बाकीचा नफा-तोटा निवड बरोबर की चूक यावर. नफ्यातला पाचवा हिस्सा तो स्वतः घेई. त्याला दाखला म्हणून तो फिनिशियन गलबतांच्या कप्तानांचा देत असे. सफर यशस्वी झाली की कप्तान पाचवा हिस्सा ठेवून घेत, म्हणे. हा प्रकार सतरा वर्षं कुणाच्या फारसा डोळ्यांवर आला नाही. १९६६ मध्ये कॅरल लूमिस यांनी त्याच ‘फॉर्च्युन’मध्ये त्याच्यावर लिहिलं आणि मग असे फंड भराभर निघाले.

आता बार्शी. जीआयपी रेल्वे १८५९ मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. रूळ आणि तेजी एकाच वेळी दारात. बार्शी गाव मात्र मुख्य मार्गापासून वीस-एकवीस मैल आत होतं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आली ती १८९७ मध्ये, तोवर बैलगाड्याच. शेतकऱ्याकडून कापूस घ्यायचा, सरकी काढायची, गाठी बांधायच्या, बार्शी रोडला न्यायच्या, मुंबईला धाडायच्या आणि तिथे गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायचं. या सगळ्यात आठवडेच्या आठवडे जात. पैसे आज द्यायचे, भाव मात्र नंतर कळायचा. मधल्या काळात लिव्हरपूलला काय होईल ते अडत्याच्या हातात नव्हतं.

यावरचा उपाय म्हणजे वायदा : पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच बांधून टाकणं. एकोणिसाव्या शतकात तो तोंडी, विस्कळीत आणि बराचसा बदनाम होता. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली आणि त्याला शिस्त आली. तिथल्या करारांना चक्क ‘हेज काँट्रॅक्ट’ म्हणत, आणि सौदा शंभर गाठींचा असे. दोन गाठींची एक खंडी, म्हणजे पन्नास खंड्या. एक हिशेब मांडून पाहू; आकडे माझे, रीत त्यांची.

बार्शीच्या अडत्याने ३०० रुपये खंडीने पन्नास खंड्या माल घेतला. त्याच दिवशी मुंबईतल्या दलालाला तार करून त्याने तेवढाच वायदा ३१० ने विकला. माल मुंबईत पोचेतो बाजार कोसळला : हाजर (लगेच द्यायच्या मालाचा) भाव २५०, वायदा २५८. मालात त्याचे २,५०० रुपये बुडाले. पण ३१० ला विकलेला वायदा आता २५८ ला घेऊन मिटवता येतो. त्यात २,६०० मिळाले. दलाली वजा जाता मुद्दल शाबूत. आता उलट धरू. भाव चढून हाजर ३५०, वायदा ३६२. मालात २,५०० चा फायदा, वायद्यात २,६०० चा फटका. शेजारचा अडत्या, ज्याने काहीच विकून ठेवलं नव्हतं, तो या वर्षी माडी बांधणार आणि आपला माणूस होता तिथेच राहणार. उलट सौदा करणाऱ्याला हे सोसावं लागतं. त्याने तेजी विकून मंदीपासून सुटका घेतलेली असते.

पण सुटका पुरी कधीच नसते. वरच्या दोन्ही हिशेबांत शंभर रुपये इकडे-तिकडे झाले आहेत, ते पाहावेत. हाजर आणि वायदा यांच्यातलं अंतर हलतं. त्यातून वायदा ठरावीक प्रतीच्या ऊमरा कापसाचा आणि अडत्याकडचा माल बार्शीचा, कदाचित अवकाळी पावसात डागाळलेला. मुंबईचा भाव स्थिर राहिला आणि बार्शीच्याच मालाची किंमत पडली, तर विकलेला वायदा काहीच कामाचा नाही. आजच्या पुस्तकांत या धोक्यावर एक वेगळं प्रकरण असतं. अडत्याला ते दर हंगामात भोगावं लागे.

या अंतरावरच जगणारी माणसंही बाजारात होती. भडोच आणि ऊमरा यांच्यातला फरक नेहमीपेक्षा जास्त ताणला गेला की महाग ते विकायचं, स्वस्त ते घ्यायचं आणि फरक जाग्यावर यायची वाट बघायची. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातही असे जोडसौदे चालत. शेअरबाजारात व्याजबदला होता : तेजीवाल्याला सौदा पुढच्या वळणावर, म्हणजे पुढच्या हिशेबाच्या दिवसावर, ढकलायचा असे, पैसेवाला त्याचे शेअर धरून ठेवी आणि व्याज घेई. १९९० च्या दशकापर्यंत आपल्याकडच्या अनेक मध्यमवर्गीय घरांतला पैसा असा बदल्यात फिरत असे. त्याला ‘पर्यायी गुंतवणूक’ असं भारदस्त नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही. २००१ च्या जुलैत बदला बंद झाला. आणि तेजी-मंदी! ठरावीक पैसे भरून ठरल्या भावाने घ्यायचा हक्क ती ‘तेजी’, विकायचा हक्क ती ‘मंदी’. म्हणजे आजचे कॉल आणि पुट. कापसातली ही तेजी-मंदी मुंबई सरकारने १९३९ मध्ये कायद्यानेच बंद केली.

सरकारचा हात या गोष्टीत पहिल्यापासून आहे. अमेरिकेतलं युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि भाव गडगडले. बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरांत लोकांनी १ जुलै १८६५ चे वायदे करून ठेवले होते. तो दिवस उजाडला तेव्हा देणेकऱ्यांकडे द्यायला काही नव्हतं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजा बुडाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने पैजेच्या करारांविरुद्ध कायदा केला. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० ने पैज सगळीकडेच रद्दबातल ठरवली. त्यानंतर कोर्टाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला : माल द्यायचा-घ्यायचा इरादा होता की नुसता फरक घ्यायचा? गंमत अशी की वर मांडलेल्या हिशेबात बार्शीच्या अडत्याने वायद्यापोटी एकही गाठ दिली नाही. तोही फरकच घेऊन मोकळा झाला. कागदावर बघितलं तर शहाणा अडत्या आणि सटोडिया यांच्यात काही भेद दिसत नाही. भेद गोदामात असतो. एकाकडे गाठी आहेत, दुसऱ्याकडे नाहीत.

ज्यांच्याकडे गाठी नव्हत्या त्यांची एक शाखा थेट आपल्या गल्लीबोळांत येऊन पोचली. न्यूयॉर्कहून मुंबईला तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या काढून, मग पत्ते काढून आकडा पाडायला सुरुवात झाली. तो मटका. पानाच्या टपरीवर ओपन-क्लोज विचारणाऱ्याला हे घराणं माहीत नसतं, इतकंच.

या सगळ्यात शेतकरी कुठे होता? तो सौद्यात नव्हताच. तेजीच्या काळात सावकाराने त्याला सढळ हाताने कर्ज दिलं आणि मंदीत तितक्याच सढळ हाताने वसुली लावली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या दंग्यात सावकारांची वह्या-खतं जळाली, त्यामागे हे होतं. चार वर्षांनी जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लावला. त्या कायद्याने सावकाराचं खत तपासायची सोय झाली. भाव पडला तर काय, याची सोय त्यात नव्हती.

शेतकऱ्याचं संरक्षण एकच होतं, ते म्हणजे पेव. उंचवट्याच्या, मुरमाड जागी माणूस उभा मावेल असा खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत जाळ करून तो सुकवायचा, कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. वारा नाही, कीड नाही. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही. आत विषारी वायू कोंडलेला असतो. दोरीने कंदील खाली सोडायचा, तो विझला तर थांबायचं. उतरायची घाई केल्याने जीव गेलेली माणसं गावोगावच्या आठवणीत आहेत. एका सालचं धान्य दुसऱ्या सालात नेण्याचा हा उपाय मंगळवेढ्याच्या मुलखात इतका मुरलेला होता, की तिथल्या सर्वांत मोठ्या दंतकथेचा नायक कुणी योद्धा नाही. बेदरच्या बादशहाचं धान्यकोठार दुष्काळात लोकांना खुलं करणारा दामाजीपंत आहे. पण पेवाला मर्यादा आहे. ज्याच्याकडे खाऊन उरतं, त्याचंच पेव भरतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला तेव्हा हे पुरेपूर दिसलं.

त्याच दुष्काळात, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली : सोलापूर स्पिनिंग अँड व्हीव्हिंग, लोकांच्या तोंडी जुनी मिल. उभारणीत मुंबईचे मोरारजी गोकुळदास. या मिलची खरी प्रसिद्धी मात्र कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९४९ मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले. गैरकारभार आणि हलगर्जी असं कारण देऊन केंद्र सरकारने १९५० मध्ये वटहुकूम काढला, मग या एकाच कंपनीसाठी कायदा केला आणि संचालक मंडळ बदलून कारभार हाती घेतला. चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५० मध्ये हरले. मग सरकारनियुक्त मंडळाने प्रेफरन्स शेअरधारकांकडे न भरलेल्या निम्म्या रकमेची मागणी केली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास भांडले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. कायद्याचे विद्यार्थी हे खटले समानतेच्या आणि मालमत्तेच्या हक्कासाठी वाचतात. मला त्यात गुंतवणुकीचा धडा दिसतो. डबघाईच्या कंपनीतले कागद स्वस्तात घेऊन, कोर्ट आणि सरकार काय करतील यावर पैसे लावणारे फंड आज जगभर आहेत. सोलापूरच्या त्या भागधारकांवर तो खेळ आपण होऊन येऊन पडला होता, आणि त्यांच्या हातात उलटा सौदा कुठलाच नव्हता.

वायद्याचं पुढे काय झालं? १९५२ मध्ये वायदे करार नियमन कायदा आला, पुढच्या वर्षी मुंबईत वायदेबाजार आयोग बसला आणि १९६० च्या दशकात, टंचाईच्या काळात, कापसासह बहुतेक महत्त्वाचे वायदे बंद झाले. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. भाव पडायची जोखीम सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तोट्याचे आकडे अर्थसंकल्पात दिसू लागले. तोवर सोलापूर जिल्ह्यात कापसाचं महत्त्व ओसरत चाललं होतं; उजनीचं पाणी आल्यावर उसाने उरलंसुरलं पुसून टाकलं.

२००३ मध्ये वायद्यांवरची बंदी उठली आणि एमसीएक्स, एनसीडीईएक्स हे वायदेबाजार सुरू झाले. पण जानेवारी २००७ मध्ये तूर आणि उडीद यांचे वायदे बंद, पुढच्या महिन्यात गहू बंद, मे २००८ मध्ये हरभरा काही महिन्यांसाठी बंद. डिसेंबर २०२१ मध्ये हरभरा, मूग, सोयाबीन, मोहरी यांच्यासह सात शेतमालांचे वायदे सेबीने वर्षभरासाठी थांबवले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. म्हणजे डाळीचा भाव चढला की वायदा दोषी. भाव पडतो तेव्हा मात्र वायदा पुन्हा चालू करा म्हणून कुणी आरडाओरडा करत नाही. बार्शी ही तूर-हरभऱ्याची मोठी पेठ आहे, आणि या बंदीच्या काळात तिथल्या डाळमिलवाल्याला खरेदी झालेल्या हरभऱ्यापोटी विकायला वायदाच उपलब्ध नव्हता. त्याच्या पणजोबाला कापसात तो होता.

वायदा चालू असला तरी तो कुणाला परवडतो, हेही पाहावं. एमसीएक्सवर २०११ मध्ये कापसाचा वायदा आला तेव्हा लहानात लहान सौदा २५ गाठींचा होता. १७० किलोची गाठ धरली तर सव्वाचार टन रुई, म्हणजे साधारण सव्वाशे क्विंटल कापूस. एकरी आठ क्विंटल पिकला तरी पंधरा-सोळा एकरांचं पीक. आपल्याकडे इतका कापूस किती जणांच्या शेतात असतो?

आणि गोदामाची गोष्ट राहिलीच. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज नावाच्या बाजारात शहरांतल्या पैसेवाल्यांना जोडसौदा विकला जात होता : आज माल घ्या, त्याच क्षणी पंचवीस दिवसांनी द्यायचा म्हणून विका, मधला फरक तुमचा. सालीना चौदा-पंधरा टक्के, आणि दोन्ही बाजू आधीच बांधलेल्या, मग धोका कुठला? ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले आणि गोदामांत असायला हवा होता तो माल नसल्याचं उघड झालं. बार्शीच्या अडत्याकडे गाठी होत्या आणि कागद त्यांच्या रक्षणापुरता. इथे कागदाच्या दोन्ही बाजू होत्या, मध्ये गाठी नव्हत्या. या प्रकरणानंतर, २०१५ च्या सप्टेंबरात, वायदेबाजार आयोग सेबीत विलीन झाला.

सेबीने २०१२ मध्येच पर्यायी गुंतवणूक फंडांचे नियम केले होते. त्यातला तिसरा वर्ग म्हणजे आपल्याकडचे हेज फंड. त्यांना शॉर्ट, म्हणजे उसने घेऊन विक्री, करता येते, कर्ज काढून किंवा डेरिव्हेटिव्ह वापरून मालमत्तेच्या दुपटीपर्यंत सौदे करता येतात आणि २०१७ पासून शेतमालासह सगळ्या कमोडिटी वायद्यांतही उतरता येतं. फक्त एका मालात दहा टक्क्यांहून जास्त पैसा घालायचा नाही. आत जायची पायरी एक कोटी रुपयांची. पोर्टफोलिओ मॅनेजमेंटची ५० लाखांची आहे, आणि एप्रिल २०२५ पासून आलेल्या स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडांची १० लाखांची. पायरी उंच ठेवण्यामागचं कारण मला पटतं : ज्याला बुडणं परवडतं त्यानेच उतरावं. १९९८ मध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडाने, दोन नोबेलविजेते पदरी असताना, जोडसौद्यांवर अवाढव्य कर्ज काढलं. फरक जाग्यावर यायच्या आधी पैसे संपले आणि चौदा वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरावा लागला. सोलापूरच्या शिक्षकाने निवृत्तीची पुंजी अशा ठिकाणी ठेवू नये, हे ठीकच. पण ज्याला पैज लावायची आहे त्याच्यासाठी दार आहे, आणि ज्याच्याकडे खरोखर माल आहे त्याच्यासाठी नाही, ही रचना मला उफराटी वाटते.

जिल्ह्यातला आजचा उलट सौदा बघायचा तर सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत जावं लागेल. फळ अजून झाडावर असतं. व्यापारी येतो, ओळी फिरून अंदाज घेतो, फळ हातात धरून रंग आणि डाग बघतो, आणि बाग उक्ती मागतो. आकडा ठरतो, इसार हातात पडतो, बाकीचे तोडणीला. शेतकऱ्याने पडत्या भावाची जोखीम विकली, चढत्या भावाचा हक्क सोडला. अगदी तीनशे दहाने वायदा विकणाऱ्या अडत्यासारखं. फरक पुढे आहे. भाव चढला तर व्यापारी ठरल्या दिवशी टेम्पो घेऊन हजर. भाव पडला, तर तो आधी फोन उचलत नाही, मग येऊन तेल्याचा एखादा डाग दाखवतो आणि आकडा खाली आणतो, नाहीतर इसार सोडून निघून जातो. १९२१ च्या असोसिएशनने अडत्यासाठी नेमकी ही वाट बंद केली होती : फरकांचा हिशेब वेळोवेळी चुकता करून घ्यायचा, पळणाऱ्याला बाजारातून काढायचं. बागेतल्या सौद्याला ना नियम, ना पंच, ना कागद. फळ पिकत असतं आणि शेतकऱ्याला दुसरा व्यापारी शोधायला चार दिवससुद्धा नसतात.